निर्भेळ सोयाबीन व त्याचा बाजार

सोयाबीनची रास घरीं आली म्हणजे आपण शेतकरी दोनच प्रश्न विचारतों : पोतीं किती झालीं व भाव काय निघाला. आतां बाजारांत तिसराही एक प्रश्न विचारला जाऊं लागला आहे. हा माल कोणत्या बियाण्याचा, कोणत्या शेताचा, व त्यास पुरावा काय ? या प्रश्नाचें उत्तर आपणांपैकीं फारच थोड्यांपाशीं असतें. दोन वर्षांपूर्वीं तें आमच्यापाशींही नव्हतें. त्यापायीं आमचें व आमच्या शेजाऱ्यांचें जें नुकसान झालें, त्यावरूनच हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनावर घेतलें. सभासद बंधुभगिनींनीं तो धडा म्हणून वाचावा व पटेल तेवढा येत्या मृगापूर्वीं अंमलांत आणावा, एवढीच विनंति.

१. जीएम म्हणजे काय व काय नव्हे

सजीवाच्या अंगचे गुण पिढ्यानुपिढ्या चालविणारे जे सूक्ष्म घटक, त्यांस जनुक म्हणतात. एका जीवांतील जनुक प्रयोगशाळेंत काढून दुसऱ्या जातीच्या पिकांत घातला म्हणजे तें पीक जनुकीय बदल केलेलें, म्हणजेच जीएम झालें. असें सोयाबीन अमेरिकेंतील शेतकऱ्यांच्या हातीं १९९६ सालीं आलें. त्यांत एका जिवाणूचा जनुक घातलेला असल्यामुळें ग्लायफोसेट हें तणनाशक उभ्या पिकावर फवारलें तरी तण मरतें व पीक उभें राहतें. निंदणीची मजुरी वांचते, म्हणून तें बियाणें अमेरिकेंत, अर्जेंटिनांत व पुढें ब्राझीलमध्यें झपाट्यानें पसरलें. आज त्या देशांतील सोयाबीनचा बहुतेक सारा पेरा त्याच प्रकारचा असतो.

आपल्या देशांत २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली. सोयाबीनच्या कोणत्याही जीएम वाणास लागवडीची परवानगी नाहीं. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा व त्याखालील १९८९ चे नियम यांप्रमाणें तशी परवानगी मिळाल्यावांचून असें बियाणें विकणें वा पेरणें हा गुन्हा आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ शेतकरी सुधारित वाण म्हणजेच जीएम असें समजतात. तसें नाहीं. जबलपूरच्या कृषि विद्यापीठाचें जेएस ३३५, परभणीचें एमएयूएस ७१, राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील केंद्रावर निघालेलें फुले संगम, हीं सारीं वाणें दोन झाडांचा संकर करून व पुढें वर्षानुवर्षें निवड करून तयार झालेलीं आहेत. तीं जीएम नव्हेत. म्हणजे ज्या मालास परदेशांत "नॉन-जीएम" म्हणून वेगळें मोल आहे, तोच माल आपण नित्य पिकवितों. मात्र तो तसा आहे हें दाखवून देत नाहीं.

सोयाबीन आपल्या भागांत पसरलें तें गेल्या तीस-पस्तीस वर्षांत. पण या धान्याची ओळख त्याहून जुनी आहे. १९३५ सालीं वर्ध्याच्या मगनवाडींत महात्मा गांधींनीं सोयाबीन आहारांत घेऊन पाहिलें, व १९३६ सालीं बडोदे संस्थानांतील एफ. एस. काळे यांनीं त्यावर सबंध ग्रंथ लिहिला. तेव्हां तें माणसाचें अन्न म्हणून पाहिलें जात होतें. आज त्याचा भाव मुख्यतः कोंबडीच्या खाद्यावर ठरतो. हा फरक ध्यानांत घेतल्यावांचून पुढील हिशेब कळणार नाहीं.

२. भाव कशावर ठरतो

एक क्विंटल सोयाबीन गाळलें म्हणजे सुमारें १८ किलो तेल व ८० किलोंच्या आसपास पेंड मिळते. तेलासाठीं हें पीक घेतों असें आपण म्हणतों खरें, परंतु वजनानें चार हिस्से पेंड व एक हिस्सा तेल हें त्याचें स्वरूप आहे. तेल परदेशांतून भरपूर येतें, व तें मुख्यतः अर्जेंटिना व ब्राझील येथील जीएम सोयाबीनचेंच असतें. तेलांत प्रथिन जवळजवळ राहत नसल्यामुळें त्यास सरकारची मनाई नाहीं. आयात तेलावरील कर वाढला कीं आपल्यास थोडा आधार मिळतो, घटला कीं जातो. कच्च्या सोयातेलावरील मूळ आयात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्यें शून्यावरून शेंकडा २० केलें गेलें व मे २०२५ च्या अखेरीस शेंकडा १० वर आणलें गेलें, हें उदाहरण ताजेंच आहे.

पेंडीची गोष्ट निराळी. युरोपांतील देशांनीं २००३ सालीं असा नियम केला कीं अन्नांत किंवा पशुखाद्यांत जीएम अंश शेंकडा ०.९ पेक्षां अधिक असेल तर तसें वेष्टनावर लिहिलेंच पाहिजे. जर्मनींत तर जीएम चारा न घातलेल्या गाईंचें दूध व कोंबड्यांचीं अंडीं वेगळी खूण लावून विकतात. अशा गवळ्यांस व कोंबडीपालकांस निर्भेळ पेंड लागते, व ती पुरविणाऱ्या थोड्या देशांत भारत एक आहे. जपानांत टोफू व मिसो यांकरितां असेंच सोयाबीन मागतात ; तेथें एप्रिल २०२३ पासून, परीक्षेंत जीएम अंश मुळींच आढळला नाहीं तरच "जीएम नाहीं" असें लिहितां येतें.

तथापि या निर्यातीविषयीं कोणी भ्रमांत राहूं नये. आपली बहुतेक पेंड देशांतच खपते, व पेंड निर्यात करणारा व्यापारी परदेशांत जो अधिक भाव घेतो त्यांतला वेगळा हिस्सा बाजार समितीच्या लिलावांत शेतकऱ्यास मिळत नाहीं. लिलावांत माल ओलावा, मातेरें व डागी दाणा पाहून घेतला जातो. निर्भेळपणाची तेथें परीक्षाही नाहीं व किंमतही नाहीं.

मग आपणांस लाभ कोणता ? पहिला लाभ आडोशाचा. बाहेरची स्वस्त जीएम पेंड एरवीं देशांत येऊं दिली जात नाहीं, म्हणून आपल्या पेंडीस देशांत जागा राहते. हा आडोसा किती पातळ आहे तें २०२१ सालीं दिसलें. त्या वर्षीं पावसाळ्यांत भाव क्विंटलास दहा हजारांच्या घरांत गेला. कोंबडीपालकांनीं ओरड केली, तेव्हां ऑगस्टमध्यें केंद्र सरकारनें १२ लाख टन जीएम पेंड आणण्यास सवलत दिली. पेंड उगवत नाहीं, तींत जिवंत बीं नसतें, असें कारण देण्यांत आलें. नवा माल बाजारांत येईपर्यंत भाव निम्म्यावर उतरला होता. सारी घसरण त्या एका हुकुमानें झाली असें आम्ही म्हणत नाहीं, सुगीची वेळही तीच होती. परंतु ज्यांनीं बियाणें व मजुरी उधारीनें आणून दहा हजारांचा हिशेब मांडला होता, त्यांचे त्या वर्षींचे दिवस आम्हीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. पुढें २०२४-२५ सालीं हमीभाव ४,८९२ रुपये असतां खुल्या बाजारांत त्याहून बरेंच कमी मिळालें. २०२५-२६ सालीं हमीभाव ५,३२८ रुपये ठरला. मका व तांदूळ यांपासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा खाद्य म्हणून स्वस्त मिळूं लागल्यामुळें पेंडीस घरांतच नवा प्रतिस्पर्धीही उभा राहिला आहे.

दुसरा लाभ कष्टानें मिळवावा लागतो. ज्यास खरोखरीच निर्भेळ माल हवा आहे अशा गिऱ्हाइकास थेट, एकत्र व पुराव्यासह माल देणें, हा तो लाभ होय. यांतील "पुराव्यासह" हा शब्दच आम्हांस नडला.

३. आमची चूक

आम्हीं महसूल खात्यांत तीसहून अधिक वर्षें कारकुनी केली. दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावरील पीकपाहणीच्या नोंदी तपासण्यांत जन्म गेला. दोन वर्षांपूर्वीं सोसायटीच्या १७ सभासदांनीं मिळून ४२० क्विंटल सोयाबीन एका निर्यातदारास देण्याचें ठरविलें. बाजारभावावर क्विंटलमागें १५० रुपये अधिक मिळावयाचे होते. माल वाळवून, चाळून, गोदामांत एका ताडपत्रीवर रास करावयाची, व मग त्यांचा माणूस येऊन नमुना काढणार, असें ठरलें. आमचे ३८ क्विंटल आम्हींच प्रथम ओतले.

तो माणूस आला. नमुन्याची भुकटी पाण्यांत कालवून त्यानें कागदी पट्टीची परीक्षा केली ; तींत कांहीं वावगें निघालें नाहीं. ओलावा बरोबर भरला. नंतर त्यानें प्रत्येकाचा बियाण्याचा कागद मागितला. आमच्या तीन एकरांत घरचें बियाणें होतें, पण मूळ पिशवीची खूणचिठ्ठी आम्हीं फेंकून दिली होती. उरलेल्या दोन एकरांत पाऊस उघडल्यामुळें दुबार पेरणी करावी लागली, तेव्हां घाईनें सुटें बियाणें आणलें. त्याची पावती नव्हती. वर मोबाइलवरील ई-पीक पाहणीही आमची राहून गेली होती ! पट्टी ही एका वेळीं मूठभर दाण्यांची परीक्षा, ४२० क्विंटलांची हमी ती देऊं शकत नाहीं, असें त्यानें सभ्यपणें सांगितलें, व ज्या राशींत पुराव्यावांचूनचा माल मिसळला ती रास वेगळ्या भावानें घेतां येत नाहीं म्हणून तो निघून गेला.

सारा माल नेहमींच्या लिलावांत गेला. ६३,००० रुपये गेले. त्यांतील ५,७०० रुपये आमचे, व ते आमच्या कर्माचे. बाकीचे ५७,३०० रुपये ज्या सोळा जणांचे गेले, त्यांनीं कांहीं चूक केली नव्हती. त्यांत एक वृद्ध भगिनी होत्या. त्यांनीं आपल्या पिशवीची चिठ्ठी पत्र्याच्या पेटींत जपून ठेवली होती व ती त्या दिवशीं पदरांत बांधून आणली होती. त्या एवढेंच म्हणाल्या, "भाऊसाहेब, मला अक्षर येत नाहीं म्हणून मीं चिठ्ठी ठेवली. तुम्हांस येतें म्हणून टाकलीत होय ?" यावर आम्हीं काय बोलावें ! चौकशीची नोटीस आम्हांस नोकरींत कधीं लागली नाहीं, ती त्या दिवशीं लागली.

४. बियाण्यापासून गोदामापर्यंत

त्यानंतर सोसायटीनें जी रीत ठरविली ती येथें क्रमानें देतों.

बियाणें : सोयाबीनच्या फुलांत परागसिंचन स्वतःचें स्वतःशींच होतें, परक्या फुलाशीं संकर शेंकडा एकाहूनही कमी. म्हणून प्रमाणित बियाणें एकदां आणल्यावर त्याचेंच निवडलेलें बियाणें दोन-तीन वर्षें वापरतां येतें. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळी खूणचिठ्ठी असते. ती, पावती व पिशवीच्या तळाशीं ठेवलेलें मूठभर बियाणें, हीं तिन्ही हंगाम संपून माल विकला जाईपर्यंत जपावीं.

उगवण : दाण्याचें साल पातळ असतें व आंतील कोंब सालाला लागूनच असतो, म्हणून पोतें आपटलें तरी उगवण बिघडते. पेरणीपूर्वीं गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यांत सरसकट १०० दाणे ओळीनें मांडावे, गुंडाळी करून सावलींत ठेवावी व ओल राखावी. सात दिवसांनीं निरोगी कोंब मोजावे. ७० किंवा अधिक आले तर हेक्टरीं ७५ किलो हें नेहमींचें प्रमाण पुरतें. साठ-सत्तर आले तर प्रमाण वाढवावें. साठाच्या आंत आले तर तें बियाणें पेरूं नये. ही परीक्षा वेळेवर केली असती तर सुटें बियाणें धुंडाळण्याची आमची पाळी टळली असती, कारण आमची दुबार पेरणी निम्मी पावसानें व निम्मी कमी उगवणीनेंच ओढवली होती.

पेरणी : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन भिजल्यावांचून पेरूं नये, व तीन-चार सेंटिमीटरांहून खोल पेरूं नये. आधीं बुरशीनाशक चोळावें, व अगदीं शेवटीं, पेरणीच्या दिवशीं, रायझोबियम जिवाणूसंवर्धन १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणें लावून सावलींत सुकवावें.

भेसळ काढणें : फुलोऱ्याच्या वेळीं शेतांतून एकदां फिरावें. फुलाचा रंग, पानाचा आकार किंवा खोडावरची लव निराळी दिसली तर तें झाड उपटावें. शेंगा पिकल्यावर पुन्हां एकदां तसेंच करावें. जीएम झाड डोळ्यांनीं ओळखूं येत नाहीं, हें खरें. परंतु ज्या शेतांत वाणाची भेसळ दिसत नाहीं तेथें बियाणें एकाच ठिकाणचें आहे, एवढा भरंवसा गिऱ्हाइकास वाटतो.

मळणी : भेसळ सर्वांत अधिक होते ती मळणीयंत्रांत. तें यंत्र दहा शेतें फिरून आपल्या शेतांत येतें. तें आधीं रिकामें चालवावें, चाळण्या झाडाव्या, व पहिलीं एक-दोन पोतीं बाजूस ठेवून तीं बाजारांत द्यावीं. बियाण्याच्या मालास मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांहून अधिक वेग देऊं नये. मळणीवाला घाई करतो. त्यास चार रुपये अधिक द्यावे, पण वेग आपण सांगूं तोच ठेवावा.

वाळवण व सांठवण : दाण्याचा ओलावा शेंकडा १२ च्या आंत आणावा. खरेदीचा नेहमींचा दंडक १२ चा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें सरकारनें हमीभाव खरेदीसाठीं तो १५ पर्यंत सैल केला होता खरा, परंतु सवलतीवर सांठा टिकत नाहीं. धुतलेलें वा नवें बारदान घ्यावें, पोतीं लाकडी फळ्यांवर ठेवावीं, व बियाण्याच्या पोत्यांची थप्पी चार-पांचांहून उंच करूं नये.

५. दप्तर

आतां आमच्या जुन्या धंद्याची गोष्ट. प्रत्येक सभासदानें एक जाड लिफाफा करावा, वर गट क्रमांक व क्षेत्र लिहावें, व त्यांत हे पांच कागद ठेवावे : (१) बियाण्याची खूणचिठ्ठी व पावती, घरचें बियाणें असल्यास तें कोणत्या वर्षींच्या कोणत्या पिशवीपासून केलें याची टीप, (२) चालू हंगामाच्या पीकपाहणीसह सातबारा, (३) पेरणी, फवारणी व मळणी यांच्या तारखा, औषधांचीं नांवें व मळणीवाल्याचें नांव, (४) ओलाव्याची व वजनाची चिठ्ठी, (५) गोदामाची पावती.

ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. पुष्कळांस ती सरकारी उपद्रव वाटते. पण तींत पिकाचें छायाचित्र शेताच्या स्थानासह नोंदलें जातें. युरोपांत २०२३ सालीं जो नवा कायदा झाला, त्याखालीं सोयाबीन व सोयापेंड कोणत्या जमिनीवर पिकली तें स्थान दाखविणें व ती जमीन जंगल तोडून केलेली नाहीं हें सिद्ध करणें आयात करणाऱ्यावर बंधनकारक होणार आहे. त्याचा अंमल पुढें ढकलला गेला आहे, पण रद्द झालेला नाहीं. परदेशचा व्यापारी उद्यां जें मागणार, तें आपल्या तलाठी दप्तरांत अर्धें तयार आहे.

कागद खोटा करूं नये, हें सांगण्याची गरज पडूं नये, पण सांगतों. जानेवारी २०२१ मध्यें अमेरिकेनें आपल्या देशांतील सेंद्रिय प्रमाणपत्रांची पूर्वींची मान्यता काढून घेतली, व त्यानंतर सेंद्रिय सोयापेंड पाठविणाऱ्यांस नव्यानें तपासणी करून घ्यावी लागली. एकदां संशय आला कीं खरा शेतकरीही खोट्याबरोबर रांगेंत उभा राहतो.

६. चोरट्या बियाण्याचा मोह

"तणनाशक मारा, पीक मरत नाहीं" असें सांगून बिनपावतीचें बियाणें खपवूं पाहणारे लोक हंगामाच्या तोंडावर फिरतात. कापसांत हा प्रकार आपल्या राज्यांत उघड झालेला आहे. २०१९ सालीं अकोला जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं जाहीरपणें तसा कापूस पेरून आंदोलनही केलें. त्यांची बाजू आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. निंदणीस माणूस मिळत नाहीं, मिळाला तर मजुरी परवडत नाहीं, हें दुःख खरें आहे. ब्राझील-अमेरिकेंत हेक्टरीं तीन टनांहून अधिक पिकतें व आपल्याकडे एका टनाच्या आसपास, हेंही खरें आहे. मात्र तो सारा फरक जीएमचा नव्हे. तेथील पिकाची मुदत लांब, जमीन खोल, यंत्रें मोठीं. आपलें पीक शंभर दिवसांचें व पावसाच्या भरंवशावरचें. तणनाशक सोसणारा जनुक तणाचा खर्च कमी करतो, ऑगस्टमधील उघडीप भरून काढीत नाहीं.

जीएम सोयाबीन आपल्याकडे यावें कीं न यावें, याचा निर्णय कायद्यानें, उघडपणें व्हावा. ज्यांस तें हवें त्यांनीं तशी मागणी करावी. परंतु तोंवर एकानें चोरून पेरलेली पिशवी त्याच्या एकट्याच्या शेतांत राहत नाहीं. ती मळणीयंत्रांत जाते, गोदामांत जाते, सर्वांच्या राशींत जाते. हजार पोत्यांत दहा पोतीं मिसळलीं कीं युरोपचा ०.९ चा दंडक मोडला. बांध ज्याचा त्याचा, पण रास सर्वांची, हें आम्हीं ५७,३०० रुपयांस शिकलों.

७. उपसंहार

गेल्या हंगामांत १४ सभासदांनीं वरील रीतीनें ३१० क्विंटल वेगळें ठेवलें. लिफाफा पाहिल्यावांचून कोणाचेंही पोतें ताडपत्रीवर ओतलें नाहीं. भाव क्विंटलमागें १२० रुपये अधिक मिळाला, म्हणजे ३७,२०० रुपये. वाळवण, चाळणी, परीक्षा व गोदाम यांचा जादा खर्च ९,३०० रुपये झाला. निव्वळ शिल्लक २७,९०० रुपये, क्विंटलमागें ९० रुपये. हा आंकडा मोठा नाहीं, व यानें कोणाचें कर्ज फिटणार नाहीं. शिवाय दरवर्षीं असें गिऱ्हाईक मिळेलच असेंही नाहीं. परंतु गिऱ्हाईक न मिळालें तरी वाळलेला, चाळलेला, एकजिनसी माल लिलावांत कधीं मागें पडत नाहीं, व घरचें बियाणें विकत घ्यावें लागत नाहीं, हा फायदा कोणी हिरावून घेऊं शकत नाहीं.

येत्या वैशाखांत सोसायटीच्या कचेरींत उगवणपरीक्षा एकत्र घ्यावयाची आहे. सभासदांनीं आपापल्या बियाण्याचे चारशें दाणे व पिशवीची चिठ्ठी घेऊन यावें. लिफाफे आम्ही आणूं. पहिल्या लिफाफ्यावर आमचाच गट क्रमांक लिहिलेला असेल, व तो तपासण्याचें काम त्या वृद्ध भगिनींकडे सोंपविलें आहे.